टेकडीवर निजलेली माणसं

फोल्डिंगमध्ये काम करणाऱ्या माणसाकडे फेंट आपोआप साठत जाते. लूमवरून उतरलेला ताका, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, मोजायचा, दोष बघायचा आणि टोकाला जो आखूड, डागी, तुटक्या तारांचा तुकडा उरतो तो कापून कोपऱ्यात फेकायचा. तीच फेंट. कोणालाच ती नको असते, पण टाकवतही नाही. किश्शांचं तसंच आहे. कोणी मागत नाही, पण चार माणसं चहाला जमली की कोपऱ्यातून एकेक बाहेर यायला लागतो.

माझा मुलगा म्हणतो, "पप्पा, तुमचा कुठलाही किस्सा त्या टेकडीवर जाऊनच थांबतो!"

थांबतो, खरं आहे. मी तरी काय करू? आमची सगळी सुट्टी तिथंच जायची.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमचं खातं कडोदऱ्याला होतं. सुरतेत लूमच्या शेडला खातं म्हणतात. बँकेतलं खातं वेगळं, ते आमच्यापैकी कोणाचंच नव्हतं! कारीगर बहुतेक खानदेशातले, धुळे, शिरपूर, अमळनेरकडचे. घरी अहिराणी, सेठसमोर गुजराती, आणि भांडण लागलं की हिंदी. आठवड्याची सुट्टी आली की बाकीचे सिनेमाला जायचे. आम्ही चार-सहा जण बारडोलीच्या रस्त्यानं सायकली काढायचो.

चहूकडे सपाट ऊस. त्या उसात, दोन लहान गावांच्या मध्ये एक टेकडी. टेकडी तरी कसली, बैलाला धाप लागायच्या आत संपायची! आमच्या सेठला मात्र तिचा फार अभिमान. "आपडो डुंगर," म्हणायचा, आपला डोंगर. माथ्यावर जुन्या कबरी होत्या. एकीवर पुरा घुमट, एकीवर अर्धा, बाकीचे नुसते दगडी चौथरे, त्यांच्या भेगांतून रुईची झाडं उगवलेली.

आम्हाला कबरींचं काही नव्हतं. आम्हाला फक्त थोडं उंचावर बसायचं होतं. डोंगर बघत वाढलेल्या माणसाला सपाटीत गुदमरायला होतं, हे सुरतेच्या माणसाला सांगून पटत नाही.

*

आमचा मास्तर उखर्डू. लूम बिघडली की दुरुस्त करणारा तो मास्तर. वयानं सगळ्यांत मोठा, तोंडानं त्याहून मोठा. पहिल्यांदा टेकडीवर चढला तेव्हा त्यानं टोपी काढून उगवतीकडे नमस्कार केला.

"काय दिसलं मास्तर?"

"खानदेश!"

आम्ही सगळे उठून बघायला लागलो. लांबवर एक धुराची रेघ तेवढी दिसत होती.

"मास्तर, ते बारडोलीच्या साखर कारखान्याचं धुराडं आहे."

"मग धुराड्याच्या मागं बघ ना! पुढं काय बघतोस?"

त्यानंतर जो कोणी नवा कारीगर टेकडीवर यायचा, त्याला आम्ही धुराड्याच्या मागचा खानदेश दाखवायचो. आणि खोटं कशाला बोलू, काही जणांना तो दिसायचा. एक जण तर बघता बघता रडला होता.

*

त्या कबरी कोणाच्या, यावर वर्षभर वाद चालला. एक म्हणे मोगलांच्या सरदारांच्या. दुसरा म्हणे वलंदेज, म्हणजे डच व्यापाऱ्यांच्या, सुरतेत नाहीत का तशाच. उखर्डू मास्तर म्हणे, सुरत लुटायला आलेल्या मावळ्यांच्या, म्हणजे आपल्याच! "मास्तर, मावळ्यांना घुमट कोण बांधून देणार?" "का? लुटीचे पैसे नव्हते का त्यांच्याजवळ?"

शेवटी आम्ही मंगाकाकाला विचारलं. मंगाकाका पायथ्याच्या पाड्यातला म्हातारा, रोज टेकडीवर शेळ्या चारायचा. अंगात बंडी, हातात काठी, आणि बोलणं असं की 'स'च्या जागी 'ह', अगदी अस्सल सुरती.

"काका, इथं कोण पुरलंय?"

त्यानं बोटानं गप्प राहायची खूण केली. "हुतेला छे," म्हणाला. म्हणजे, निजलेत.

"ते कळलं हो. पण कोण? नाव काय त्यांचं?"

काकानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या घरात शिरून भांडी उचकतोय. "अरे भाई," तो म्हणाला, "निजलेल्या माणसाला उठवून कोणी नाव विचारतं का?"

वाद तिथंच संपला. पुढं आम्हीही त्यांना 'निजलेले' म्हणायला लागलो. "चला, निजलेल्यांकडे जाऊन येऊ."

*

आता फेंटेचा किस्सा.

एकदा एका लूमवर तारा तुटायच्या थांबेनात. उखर्डू मास्तरानं सगळं करून बघितलं, शेवटी लूमला आईवरून शिव्याही दिल्या. सुट्टीच्या दिवशी त्याच लूमची एक फेंट खांद्यावर टाकून तो टेकडीवर आला आणि अर्ध्या घुमटाच्या कबरीवर पांघरली. "बाबा, काहीही करा, पण हिला चालवा!"

दुसऱ्या दिवशी लूम लोण्यासारखी चालली. सेठनं आदल्या दिवशी सूतच बदललं होतं, हे मला ठाऊक होतं. मी मास्तरला सांगितलंही. तो म्हणाला, "सेठला सूत बदलायची बुद्धी कोणी दिली?"

झालं! तेव्हापासून आमच्या खात्यात रीतच पडली. नवा कारीगर लागला की त्याच्या पहिल्या ताक्याची फेंट टेकडीवर चढायची. आमचा माल ग्रे, म्हणजे न रंगवलेला, मळकट पांढरा. बघता बघता सगळ्या कबरी पांढऱ्या पॉलिस्टरमध्ये झाकल्या गेल्या.

मंगाकाकाच्या एका शेळीनं ते कापड खाल्लं. काका काठी घेऊनच आला. "आता माझी शेळी आटली तर?"

मास्तर शांतपणे म्हणाला, "काका, हा माल सुरतेचा आहे. आटत नाही!"

काकाला कितपत कळलं देव जाणे, पण तो हसला. शेळीही जगली. त्या दिवसापासून काका आमच्यात बसून बिडी ओढायला लागला.

*

सुदाम आमच्या खात्यातला सगळ्यांत गरीब स्वभावाचा कारीगर. त्याची बायको इंदू शिरपूरकडची, सडपातळ, कमी बोलणारी, पण बोलली की एका वाक्यात काम संपवणारी. त्यांना लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला. नाव ठेवलं आकाश. साऱ्या चाळीत एवढं मोठं नाव दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

आकाश बसायला लागला होता. पावसाळ्यात ताप आला. डॉक्टर झाला, दुसरा डॉक्टर झाला, आणि एका सकाळी सुदाम खात्याच्या दारात येऊन उभा राहिला. लूम चालू असल्या की खात्यात कानठळ्या बसतात, कोणाचं काही ऐकू येत नाही. सुदामचे ओठ हलत होते. आम्हाला एक शब्द ऐकू आला नाही, पण सगळ्यांना कळलं. मास्तरानं मेन स्विच खाली ओढला.

आमच्यात एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. गावी नाल्याकाठी जागा ठरलेली असते, कोणाला विचारावं लागत नाही. इथं पुरायचं कुठं? कालव्याच्या कडेला गेलो तर एक माणूस ओरडत आला, शेत त्याचं होतं. पडीक जमिनीवर गेलो तर तिथं प्लॉट पाडलेले. हातात लेकरू घेऊन आम्ही भर दुपारी रस्त्यानं चाललोय आणि मालक नसलेली वीतभर जमीन सापडत नाही. आयुष्यात मला एवढं परकं कधी वाटलं नाही.

शेवटी पाय आपोआप टेकडीकडे वळले. मंगाकाका शेळ्या सोडून खाली आला. त्यानं आमच्या हातातलं गाठोडं बघितलं आणि वरच्या दिशेनं चालायला लागला. अर्ध्या घुमटाच्या बाजूला, लिंबाच्या झाडाखाली त्यानं काठीनं जागा दाखवली.

गावातला एक जण मागोमाग आला. "काका, बाहेरच्या लोकांचं इथं नको."

मंगाकाकानं घुमटाकडे हात केला. "आ बधा बी बारथीज आवेला," म्हणाला. हे सगळेही बाहेरूनच आलेत की!

मग त्या माणसानंच खड्डा खणायला पहार आणून दिली.

आकाशला गुंडाळायला मी कापड आणलं होतं. फेंट नव्हती आणली. एका निर्दोष, उतरवलेल्या ताक्याला मी सरळ कात्री लावली होती. संध्याकाळी सेठ फोल्डिंगमध्ये आला, आखूड झालेला ताका त्यानं हातात घेतला, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आज नोकरी गेली.

"फेंटमां लखी नाख," एवढंच म्हणाला. फेंटेत लिहून टाक. आणि डोळे पुसत बाहेर गेला. त्या सेठला मी पुढं कितीदा तरी शिव्या दिल्या असतील, पण मनापासून एकही देता आली नाही.

खड्डा बुजवून झाला. सुदाम उठेना. मंगाकाका त्याच्याजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "एकलो नई रेय, भाई. जो, केटला बधा छे." एकटा नाही राहणार तो. बघ, किती जण आहेत.

*

त्यानंतर आमच्या लोकांना जागा कळली. ज्याच्या घरी असं काही होई, तो टेकडीवर यायचा. लिंबाखाली मातीचे लहान लहान उंचवटे वाढत गेले. त्यांच्यावर खूण म्हणून कोणी दगड ठेवी, कोणी खुळखुळा. मी हे मोजलं नाही कधी. मोजायचं काम मी फक्त खात्यात करत असे.

सुट्टीच्या दिवशी आता इंदूही यायची. आम्ही गप्पा मारत बसायचो, ती लिंबाखाली. एकदा तिनं अचानक विचारलं, "मास्तर, तुमचं नाव असं का ठेवलं?"

उखर्डू मास्तर एरवी या प्रश्नावर समोरच्याला मारायला धावायचा. त्या दिवशी सरळ उत्तर दिलं. "माझ्याआधीची भावंडं जगली नाहीत, वहिनी. मी झालो तसा आईनं मला उकिरड्यावर नेऊन ठेवला आणि शेजारणीकडून उचलून आणवला. म्हणजे देवाला वाटावं, हा कचरा आहे, याला नेऊन काय करायचं! म्हणून उखर्डू."

इंदूनं लिंबाखालची माती हातानं सारखी केली. मग म्हणाली, "मी लईच चांगलं नाव ठेवलं ना."

मास्तर म्हणाला, "नावानं कोणी जगत नाही हो वहिनी. माझी आई मला रोज मारायची. मेलो तर आणखी मारील, या भीतीनं मी जगलो!"

इंदू हसली. आकाश गेल्यावर ती पहिल्यांदा हसली, ती त्या टेकडीवर. हसता हसता पदर डोळ्यांना लावला, आणि मास्तर तोंड फिरवून धुराड्याकडे बघत बसला.

*

प्लेगच्या वर्षी सुरत रिकामी झाली, हे तुम्ही वाचलं असेल. आम्ही ते अंगावर काढलंय. तोंडाला रुमाल, खाती बंद, मेडिकलपुढं रांगा, आणि मिळेल त्या वाहनानं पळणारी माणसं. मास्तरानं नवापूरकडचा एक ट्रक ठरवला. आमची अख्खी चाळ त्यात कोंबली, भांडी, गोधड्या, कोंबड्यांसकट.

ट्रक टेकडीच्या वळणावर आला आणि आत कोणीतरी पत्र्यावर दणादण हात मारायला लागलं. ट्रक थांबला. इंदू पिशवी घेऊन खाली उतरली.

"अगं काय झालं? बस वर!" मास्तर ओरडला. "प्लेग आहे प्लेग!"

"मना पोऱ्या आठे एकला शे," ती म्हणाली. माझं पोरगं इथं एकटं आहे. "तुम्ही जा."

मास्तरानं तिला शपथा घातल्या. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. सुदाम एकदा ट्रककडे बघे, एकदा बायकोकडे. मग तोही उतरला. आम्ही वळण दिसेनासं होईपर्यंत मागं बघत होतो. दोघं उसाच्या कडेनं टेकडीकडे चाललेली दिसत होती. मला तेव्हा वाटलं, ही दोघं आता पुन्हा दिसायची नाहीत.

भीती ओसरल्यावर आम्ही परत आलो, ते पहिले टेकडीच्या पाड्यावर. मंगाकाकाच्या ओसरीवर इंदू भाकरी थापत होती आणि काकाच्या शेळ्यांना गुजरातीत शिव्या घालत होती. सुदाम शेळीच्या दुधावर चक्क सुटला होता!

"काका, तुम्ही नाही पळालात?"

काका म्हणाला, "आखुं गाम नाठुं. हुतेला ने आ बे, एटलाज रह्या." गाव सगळं पळालं, निजलेले आणि ही दोघं, एवढेच राहिले. "मग मी कुठं जाऊ? यजमान का घर सोडून जातो?"

*

पुढं हायवेचं रुंदीकरण निघालं. रस्त्याला मुरूम लागतो, आणि साऱ्या सपाटीत मुरूम होता तो आमच्या टेकडीतच. एका सुट्टीला गेलो तर मागची बाजू कापलेली. पिवळं यंत्र घरघरत होतं, ट्रक भरून खाली चालले होते. दोन्ही गावांत कोणी अडवायला तयार नव्हतं. रस्ता कोणाला नको असतो?

मास्तर यंत्रापुढं जाऊन उभा राहिला. चालक बिहारकडचा, घामानं निथळलेला, बिचारा हुकमाचा ताबेदार.

"ऊपर हमारे बच्चे हैं," मास्तर म्हणाला.

चालकानं वर बघितलं. "मजार तो मैं नहीं छेडूँगा चाचा. जहाँ चादर है वहाँ बकेट नहीं लगेगी, मुझे भी बाल-बच्चे हैं. लेकिन बाकी तो मिट्टी है."

बाकी तर माती आहे! इंदूनं ते ऐकलं. ती तिथंच मटकन खाली बसली. सुदाम तिचा हात धरून नुसता "ऊठ ना, ऊठ ना" म्हणत होता. कापलेली कड लिंबापासून फार लांब नव्हती. मुळं बाहेर लोंबत होती.

सायकलीवरून परत आलो. खात्याच्या दारात मास्तर एकदम थांबला. "जहाँ चादर है वहाँ नाही लावणार म्हणाला ना तो?"

"हो."

"मग चादर घालू!"

पांढऱ्या फेंटेवर भागणार नव्हतं. ती लांबून कोणाला दिसतच नसे. हिरवं पाहिजे होतं. सेठकडे गेलो. सेठ कपाळावर आठ्या घालून म्हणाला, "अल्या, छोकरांओने पीर बनावशो?" पोरांना पीर बनवणार? आम्ही माना खाली घातल्या. मग त्यानंच विचारलं, "केटलुं कापड जोईए?" किती कापड पाहिजे?

प्रोसेस हाऊसमध्ये आमच्या शिरपूरचाच एक जण होता, त्यानं ते रंगवून दिलं. रंग कसला आला होता म्हणता, अगदी पोपट! मास्तर म्हणाला, "असू दे. लहान पोरांना असाच आवडतो."

सकाळी सकाळी सगळं खातं टेकडीवर गेलं. बायका आल्या, आपापल्या जागी बसल्या. प्रत्येकीनं आपल्या हातानं मातीवर कापड पसरलं, कडेला दगड ठेवले. झोपलेल्या लेकरावर दुपटं टाकतात ना, तसंच त्या टाकत होत्या. सुदाम एकटा मागं उभा होता. त्याला ते बरं वाटत नव्हतं. "काका, आम्ही हिंदू. हे जुने कोण, कुठल्या धर्माचे, ठाऊक नाही. त्यांना चालेल का?"

मंगाकाका आता फार थकला होता, त्याला धरून वर आणावं लागलं होतं. "जूना लोकने हूं वांधो?" म्हणाला. जुन्या लोकांची काय हरकत असणार! "घरात पोरं खेळली तर म्हाताऱ्यांना बरंच वाटतं."

हे पाप झालं की पुण्य, मला आजही ठाऊक नाही. ज्याला ठरवायचं असेल त्यानं आधी हातात लेकरू घेऊन भर दुपारी जागा शोधत फिरावं, मग ठरवावं.

यंत्र आलं. चालकानं वर बघितलं, खाली उतरला, कानाला हात लावला आणि मशीन वळवलं. त्याला सगळं कळलं होतं, असं मला नेहमी वाटतं. टेकडी चारी बाजूंनी खाल्ली गेली. मधला तुकडा तेवढा उभा राहिला, ताटात टाकलेल्या भाकरीच्या तुकड्यासारखा. वर घुमट, लिंब आणि पोपटी कापडं.

*

मंगाकाका त्याच हिवाळ्यात गेला. आणि त्यानंतरच्या वर्षात एक गंमत झाली. गंमतच म्हणतो, दुसरा शब्द सापडत नाही.

एवढ्या मोठ्या यंत्रालाही तोडता आली नाही, अशी जागा! हायवेवरून जाणारे ट्रकवाले थांबायला लागले. मग आजूबाजूच्या गावांतली माणसं यायला लागली. पायऱ्या झाल्या, गुरुवारी अगरबत्त्या, खाली नारळाची गाडी. चढून आलं की पहिला लागायचा तो लिंबाखालचा उंचवटा, म्हणून सगळी गर्दी तिथंच. तिथं नवस बोललं की मूल होतं, अशी बातमी कामरेजपर्यंत पोचली होती.

म्हणजे आकाशपाशी!

सुदाम पार चिडला. तो गरीब माणूस, पण त्या दिवशी खात्यात त्यानं आवाज चढवला. "पोरगं माझं, आणि मला बापाला नारळ घेऊन लायनीत उभं राहावं लागतं! येत्या सुट्टीला मी ते कापड ओढून काढणार. सांगणार सगळ्यांना, की इथं पीर नाही, फकीर नाही, माझा आकाश आहे!"

मास्तर म्हणाला, "सांग. मग बाकीचा मुरूमही जाईल."

सुदाम म्हणाला, "जाऊ दे!" आणि मान खाली घालून लूमवर गेला. त्याच्या ताक्यात त्या दिवशी जागोजागी दोष निघाले. मी एकही मांडला नाही.

सुट्टी आली. सुदाम पुढं, इंदू त्याच्या मागं, आम्ही त्यांच्या मागं. तो काय करील याचा नेम नव्हता. वर नेहमीसारखी गर्दी होती. सुदाम लोकांना बाजूला सारत लिंबाखाली पोचला आणि कापडाचं टोक त्यानं मुठीत धरलंही.

तिथं एक मुलगी बसली होती. विशी-बाविशीची असेल, कुठल्यातरी पाड्यावरची. सासूबरोबर आली होती. सासू मागून सांगत होती, मुलगा माग, दोन माग, घरात बरकत माग, नवऱ्याची दारू सुटू दे म्हण. मुलीला काही मागताच येत नव्हतं. ती हात जोडून नुसती रडत होती. डोळे उघडले तर समोर इंदू. रोजची येणारी कोणी भक्तीण असेल, असं वाटलं असावं तिला.

"बेन," तिनं इंदूला विचारलं, "हाचुं आपे छे?" खरंच देतो का हा?

सुदामनं बायकोकडे बघितलं. मास्तरानं बघितलं. मला तर वाटलं, आता इंदू कोसळणार.

इंदू खाली बसली. नवऱ्याच्या मुठीतून तिनं कापडाचं टोक हळूच सोडवलं, उंचवट्यावर नीट सारखं केलं, वर पडलेली लिंबाची पानं एकेक करून वेचली. मग त्या मुलीच्या पाठीवर हात ठेवला.

"मांग, बेन," ती म्हणाली. "पन एकदम जास्ती नको मांगू. नानो छे. लहानच शे तो अजून."